घर आवरण्याआधी: आपल्याला किती पसारा चालतो ते ठरवा

आवराआवरी बहुतेक वेळा अशी होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी उत्साहाने एक कपाट उघडलं जातं आणि त्यातलं सगळं पलंगावर ओतलं जातं. ढिगात जुना अल्बम सापडतो, तासभर तो चाळण्यात जातो. रात्री झोपायला जागा हवी म्हणून सगळं पुन्हा त्याच कपाटात कोंबलं जातं. वर मनाला टोचणी, की आपण आळशी आहोत.

आळसाचा यात फारसा संबंध नसतो. कुठपर्यंत आवरायचं आणि काढलेल्या वस्तूचं पुढे काय करायचं, या दोन गोष्टी ठरलेल्या नसतात एवढंच. त्यातली पहिली ठरवायची तर आपल्याला किती पसारा चालतो हे माहीत हवं. ते बहुतेकांना माहीत नसतं, कारण मोजमाप म्हणून डोळ्यांसमोर दुसऱ्यांची घरं असतात, नाहीतर फोनवर दिसणारी, जिथे कोणी राहत असेल असं वाटतच नाही अशी घरं. पहिल्यांदाच स्वतःचं घर सांभाळायला लागलेल्यांसाठी खाली पायऱ्या दिल्या आहेत. त्या क्रमानेच घ्या. कपाट चौथ्या पायरीवर उघडायचं आहे.

पायरी १: फोटो काढा, आवरू नका

रोज दिसणारी वस्तू काही दिवसांनी डोळ्यांना दिसेनाशी होते. दारामागची पिशवी किंवा खिडकीतला खोका याकडे नजर जाते, पण नोंद होत नाही. फोटोत मात्र तीच पिशवी ठळक दिसते. म्हणून प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून एकेक फोटो काढा. काढण्यापूर्वी काहीही सरळ करायचं नाही, खुर्चीवरचे कपडेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी निवांतपणे ते फोटो पाहा आणि खटकणाऱ्या गोष्टी कागदावर तीन रकान्यांत लिहा. पहिल्यात घाण, धोका किंवा अडथळा असलेल्या गोष्टी. दुसऱ्यात ज्या तुम्हाला रोज छळतात त्या: हवी ती वस्तू न सापडणं, टेबलावर लिहायला जागा नसणं. तिसऱ्यात ज्या फक्त कोणी येणार असेल तेव्हा आठवतात त्या.

हा तिसरा रकाना नीट वाचा. बहुतेकांचा तोच सगळ्यात लांब निघतो. त्यातल्या गोष्टी तुमच्या त्रासाच्या नसतात, लाजेच्या असतात. त्यांना एक मोठी टोपली पुरते: कोणी येणार म्हटलं की सगळं त्यात भरायचं आणि टोपली आतल्या खोलीत. यात फसवणूक वगैरे काही नाही. पाहुणे तुमच्याशी बोलायला येतात.

पसाऱ्याचा त्रास खरा असतो, हेही सांगायला हवं. लॉस एंजेलिसमधल्या, दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी प्रत्येकाला आपलं घर फिरून दाखवायला आणि त्याबद्दल बोलायला सांगितलं. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलेली कामं असे उल्लेख जास्त होते, त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. लक्षात घ्या, मोजले गेले ते त्यांचे शब्द. खोलीत वस्तू किती होत्या हा त्या मोजणीचा विषय नव्हता. एकच खोली एकाला उबदार वाटते आणि दुसऱ्याचा जीव तिथे गुदमरतो.

उलट बाजूचे काही प्रयोग २०१३ मध्ये कॅथलीन व्होज आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. अस्ताव्यस्त खोलीत बसवलेल्यांना जास्त कल्पक उपाय सुचले. नीटनेटक्या खोलीतल्यांनी खायला पौष्टिक पर्याय निवडला आणि देणगीही जास्त दिली. एक-दोन प्रयोगांवरून आयुष्य बेतू नये, पण टापटीप म्हणजेच सद्गुण हे समीकरण इतकं सरळ नाही एवढं तरी त्यातून घ्यावं.

आता तुमची रेघ, म्हणजे कुठपर्यंत आवरायचं ते, एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: ‘जमीन मोकळी हवी, ओटा रात्री रिकामा हवा, टेबलावरच्या कागदांचं मला काही वाटत नाही.’ पुढचं सगळं काम या रेघेपर्यंतच करायचं. पलीकडचं हौस असेल तर.

पायरी २: जिथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही

पहिल्या रकान्याला मात्र सूट नाही. इथे तुमची सहनशक्ती कितीही दांडगी असली तरी उपयोग नाही, कारण आग आणि बुरशी ती विचारात घेत नाहीत.

शेगडी, हीटर आणि भरपूर तारा खोचलेले प्लग यांच्याजवळ कागद, कापड, खोके ठेवू नका. पलंगापासून घराच्या दारापर्यंतची वाट अंधारातही न अडखळता चालता आली पाहिजे. साधारण ९० सेंटिमीटर रुंदी मोकळी असली की पुरे. जिन्याच्या पायऱ्यांवर काहीही नको, ‘वर जाताना नेऊ’ म्हणून ठेवलेली वस्तूसुद्धा नको. जड वस्तू डोक्याच्या वर ठेवू नयेत.

भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे हवा खेळत नाही, ओल धरते, आणि झुरळांना व कसरीला असा दमट, अंधारा पुठ्ठा फार आवडतो. खोके भिंतीपासून थोडे पुढे ओढा. झाकणाचे प्लास्टिकचे डबे घेता आले तर उत्तम. ड्रॉवरमध्ये सुट्या पडलेल्या बॅटऱ्या, विशेषतः चौकोनी नऊ व्होल्टच्या, चाव्या आणि नाण्यांत मिसळू देऊ नका. दोन्ही टोकांना धातू लागला की त्या तापतात. गोल चपट्या बटण बॅटऱ्या आणि औषधं लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा.

खरकटं, ओला कचरा, तुंबलेली मोरी हा पसारा नाहीच. ते त्याच दिवशी उरका.

या पायरीला एक-दोन संध्याकाळी लागतील. यापुढे काहीच केलं नाहीत तरी घर सुरक्षित आहे. ही जाणीव फार मोलाची आहे, कारण पुढचं काम मग घाबरून करावं लागत नाही.

पायरी ३: घरात दोन रेघा असतील तर

एकटे राहत असाल तर ही पायरी ओलांडून पुढे जा. दोन माणसं एकत्र राहू लागली की खरी गंमत सुरू होते, आणि माझ्या मते पसाऱ्यावरून होणाऱ्या भांडणांपैकी निम्म्यांचं मूळ इथेच असतं.

मुंग्या आणि मधमाश्यांच्या वसाहतींत काम कसं वाटलं जातं हे समजावणारी एक कल्पना आहे. प्रत्येकीचा एक उंबरठा असतो; कामाची गरज त्या पातळीला पोचली की ती कामाला लागते. ज्यांचा उंबरठा खाली, त्या आधी लागतात. काम झाल्यामुळे गरज पुन्हा खाली येते, आणि ज्यांचा उंबरठा वर आहे त्यांच्यापर्यंत ती पोचतच नाही. घरात अगदी हेच होतं. ज्याला तीन कपांनी त्रास होतो तो तिसऱ्या कपाला उठतो. ज्याला दहा कपांनी झाला असता, त्याला घरात कधी दहा कप साठतात हेच ठाऊक नसतं. तो प्रामाणिकपणे म्हणतो, ‘सांगितलं असतंस तर केलं असतं.’ समोरच्याला नेमका त्याच वाक्याचा संताप येतो.

पुरुषांना पसारा दिसतच नाही, असं यावर म्हटलं जातं. सारा थेबो, सबीनो कॉर्नरिच आणि लिआ रुपानर यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात स्त्री-पुरुषांना एकाच खोलीचे फोटो दाखवले होते. ती किती अस्ताव्यस्त आहे याबद्दल दोघांचं मत सारखंच पडलं. फरक पडला तो खोली कोणाची आहे हे सांगितल्यावर: स्त्रीची म्हटलं की मापदंड जास्त कडक. म्हणजे सगळ्यांना दिसतं सारखंच, हिशेब मात्र एकाच्या नावावर मांडला जातो. तुमच्या घरात तो कोणाच्या नावावर मांडला जातो, हे एकदा उघड बोलून घ्या.

बोलताना ‘मीच सगळं करते’ किंवा ‘मीही बरंच करतो’ इथून सुरुवात करू नका. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, की घरच्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. दोघंही खोटं बोलत नव्हते. स्वतः केलेलं आठवतं, दुसऱ्याने केलेलं तितकं आठवत नाही. वाट्यावर वाद घालून कोणी जिंकत नाही.

त्यापेक्षा जागा वाटून घ्या. सामायिक जागेची, म्हणजे बैठकीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर यांची एक रेघ दोघांनी मिळून ठरवायची. ती मोजता येईल अशी हवी: ‘नीट राहा’ हे चालणार नाही, ‘झोपण्यापूर्वी सोफ्यावर कपडे नकोत’ हे चालेल. आणि प्रत्येकाला स्वतःची एक जागा, मग ती खोली असो, टेबल असो की एक खण, जिथे दुसऱ्याने तोंड वाकडं करायचं नाही. काम वाटाल तेव्हा लक्षात ठेवण्यासकट वाटा. कपडे ज्याच्याकडे, त्यानेच टोपली भरली हे पाहायचं, साबण संपत आला हेही त्यानेच ओळखायचं. आठवण करून देणं दुसऱ्याकडे राहिलं तर अर्धं काम तिथेच राहिलं.

मुलांसाठी खुंट्या त्यांच्या उंचीवर लावा आणि खेळण्यांच्या डब्यांवर चित्रं चिकटवा. वाचता येत नसलं तरी चित्र कळतं.

पायरी ४: वस्तू काढणं

आता कपाट. पण सगळं नाही. एक खण किंवा एक ड्रॉवर, वीस मिनिटं. वेळ संपला की उठायचं. अर्धा खण राहिला तर राहू दे, पण काढलेल्या वस्तू जमिनीवर पडून राहता कामा नयेत. त्या मानाने लहान जागा निवडा.

डबे, टोपल्या, कप्पे आधी विकत आणू नका. हा मोह फार होतो, आणि घरी येतात ती आणखी चार भांडी. काय उरणार हे कळल्याशिवाय ते कशात ठेवायचं हे कळत नाही.

चार वाटे करा: राहणार, जाणार, या खोलीतलं नाही, आणि ठरत नाही. ‘ठरत नाही’ साठी एकच खोका ठेवा, त्यावर आजची तारीख लिहा आणि बंद करा. सहा महिने तो कोणी उघडला नाही तर निर्णय आपोआप झाला. सरकारी कागद आणि दागिने या खोक्यात टाकू नका, एवढं पथ्य पाळा.

हात का थबकतो, हे माहीत असलं की काम सोपं होतं. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९९० सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. वर्गातल्या काही जणांना कॉफीचे मग दिले आणि विचारलं, केवढ्याला विकाल? ज्यांना मिळाले नव्हते त्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. आणि ते कॉफीचे मग तर काही मिनिटांपूर्वीच मिळालेले. मग दहा वर्षं माळ्यावर पडलेल्या सुटकेसचं काय!

म्हणून प्रश्न उलटा विचारा. ‘हे टाकू का?’ याला उत्तर नेहमी ‘नको’ येतं. ‘आज हे माझ्याकडे नसतं, तर मी विकत आणलं असतं का?’ याला खरं उत्तर येतं. आणि ‘इतके पैसे मोजले होते’ हे मनात आलं, तर ते पैसे वस्तू ठेवून परत येत नाहीत हे स्वतःला सांगा. जागा मात्र रोज जाते.

क्रम सोप्याकडून अवघडाकडे. मुदत संपलेलं, तुटलेलं, रिकामी वेष्टनं, कशाच्या आहेत ते आठवत नाही अशा वायरी हे सगळं आधी. (चालू वायरीला आजच कागदी पट्टी लावून नाव लिहा, पुढच्या वेळी हा प्रश्न पडणार नाही.) मग कागदपत्रं, त्यातही मूळ प्रती एका वेगळ्या फाइलमध्ये. मग कपडे. मग पुस्तकं. आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी, आणि त्या दिवशी दुसरं काही नाही. मुलाचं पहिलं चित्र, गेलेल्या माणसाचा चष्मा, यांना वरचे प्रश्न लागू होत नाहीत. त्या ठेवा. एका डब्यात मावतील इतक्या ठेवा म्हणजे झालं; डबा भरला की त्यातल्या त्यात निवड करता येते. मोठ्या वस्तूचा चांगला फोटो काढून ती कोणाला तरी वापरायला देणं बऱ्याच जणांना जमतं.

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. नवऱ्याच्या नाही, बायकोच्या नाही, वयात आलेल्या मुलांच्या तर मुळीच नाही. तुम्ही स्वतःचा खण आवरलात की कुतूहलाने एखादा आपला खण घेऊन येतो. न आला तर न आला.

‘जाणार’ वाट्याचं त्याच दिवशी ठरवा: कोण नेणार, कधी नेणार. दारापाशी महिनाभर उभ्या असलेल्या पिशव्यांमधून वस्तू हळूच परत घरात शिरतात. जुने फोन, चार्जर, बॅटऱ्या आणि मुदत संपलेली औषधं नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. आपापल्या भागात त्यांच्या संकलनाची जी सोय असेल तिथे द्या.

पायरी ५: वस्तूला जागा

वस्तू आपोआप कुठे पडतात ते पाहा. चाव्या रोज चपलांच्या कपाटावर पडतात ना? मग तिथेच एक वाटी ठेवा. आतल्या खोलीतल्या सुंदर खुंटीवर त्या कधीच जाणार नाहीत. एकदा घातलेले पण धुवायला न टाकलेले कपडे खुर्चीवर साठतात, कारण त्यांना दुसरी जागाच दिलेली नसते. दाराआड तीन खुंट्या लावल्या की खुर्ची बसायला मिळते.

काढायला कितीही हालचाली लागल्या तरी माणूस काढतो, कारण गरज असते. परत ठेवताना गरज संपलेली असते. म्हणून परत ठेवणं एका हालचालीत जमलं पाहिजे. झाकण, त्यावर दुसरा डबा, पुढे कपाटाचं दार, अशी रचना पहिल्याच आठवड्यात मोडते.

काही जणांना नजरेआड झालेली वस्तू खरोखरच आठवत नाही. तुम्ही त्यातले असाल तर बंद कपाटांचा आग्रह सोडा. उघडे खण आणि पारदर्शक डबे घ्या. दिसायला गजबजलेलं दिसेल, पण सापडेल.

टेबलावरच्या कागदांच्या ढिगाची लाज वाटत असेल तर एक दिलासा. वापरलेला कागद प्रत्येक वेळी सगळ्यात वर ठेवला, की रोजचे कागद आपोआप वर राहतात आणि निरुपयोगी तळाशी जातात. डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये याद्यांबाबत सिद्ध केलं, की वापरलेली नोंद दर वेळी सुरुवातीला आणून ठेवली तर एकूण शोधाशोध आदर्श रचनेच्या साधारण दुपटीच्या आतच राहते, आणि तीही पुढे काय लागणार याचा अंदाज न बांधता. ढीग ठेवा, पण एकच ठेवा. तीन ढीग झाले की हे गणित लागू राहत नाही. अधूनमधून तळातला हातभर गठ्ठा काढून रद्दीत द्या.

पायरी ६: रोजचं

झोपण्यापूर्वी दहा मिनिटं, पायरी एकमध्ये लिहिलेल्या रेघेपर्यंत. बस. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी केलं तर पाच मिनिटांत होतं आणि कोणी एकटं राबत नाही.

सवय एकवीस दिवसांत लागते असं सर्रास सांगतात. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा होता, आणि माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरले होते. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, असंही त्यात दिसलं. चुकलं तर दुसऱ्या दिवशी दहाच मिनिटं द्या, कालची धरून वीस नाही.

आजारपण, तान्हं बाळ, परीक्षा, घरातला मृत्यू अशा काळात रेघ खाली आणा आणि तसं घरात सांगून टाका. तेव्हा पायरी दोन सांभाळली तरी भरपूर झालं.

पसारा नसून दुसरंच काही असेल तर

कधी कधी वरचं काहीच लागू पडत नाही. वस्तू बिनकामाची असूनही ती देताना असह्य त्रास होतो, पलंगावर झोपता येत नाही, शेगडीपर्यंत हात पोचत नाही, कोणी घरी आलेलं चालत नाही. हा आळस नाही आणि हट्टही नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या वर्गीकरणात साठवणुकीच्या या विकाराला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही तो आहे. तपासणीसाठी खोल्यांच्या नऊ-नऊ फोटोंची एक मालिका वापरतात, रिकाम्यापासून छतापर्यंत भरलेल्यापर्यंत. आपली खोली चौथ्या किंवा त्यापुढच्या फोटोसारखी दिसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. यासाठी खास आखलेली बोलण्यावर आधारित उपचारपद्धती आहे, आणि तिचा उपयोग होतो.

घरात असं कोणी असेल, बहुतेक वेळा वयस्कर, तर ते बाहेर गेलेले असताना खोली रिकामी करू नका. त्याने विश्वास जातो, आणि खोली पुन्हा भरते. त्यांच्यासोबत बसा आणि फक्त वाटेबद्दल बोला: ‘रात्री उठलात तर पडाल, एवढी वाट मोकळी करू या का?’ बहुतेकदा याला होकार मिळतो. कोणती वस्तू कुठे हलवायची हे त्यांनीच सांगायचं, तुम्ही फक्त उचलायची. पहिल्या दिवशी पलंग ते न्हाणीघर एवढीच वाट धरा, बाकीच्या खोलीबद्दल बोलूही नका.